खिशातल्या गाण्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार

पुरस्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? शाल, श्रीफळ, उचलताना मनगट दुखेल असा मोमेंटो आणि न संपणारं भाषण. त्यात तो संशोधनाचा पुरस्कार असेल तर विचारूच नका, पान उलटलंच म्हणून समजा. तेव्हा आधीच सांगून टाकते. मी ज्या पुरस्काराबद्दल लिहिणार आहे, तो २००० साली ज्या गोष्टीला मिळाला ती तुमच्यापैकी अनेकांनी लॅमिंग्टन रोडवरून, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून, जरा इकडेतिकडे बघत घरी आणलेली आहे. एका सीडीत दीडशे गाणी! कव्हरवर किशोरकुमारचा फोटो, आत निम्मी गाणी रफीची. आठवलं? एमपी३.

हो, तीच एमपी३. आपल्या लेखी पायरसीचं दुसरं नाव. पण जर्मनीत त्याच गोष्टीसाठी तीन इंजिनियरांना देशाच्या राष्ट्रपतींच्या नावाचा पुरस्कार देण्यात आला. पुरस्काराचं मूळ जर्मन नाव ‘डॉइचर त्सुकुन्फ्ट्सप्राइस’. तीनदा म्हणून बघा, चहा गार होईल. आपण त्याला ‘भविष्य पुरस्कार’ म्हणू या. १९९७ पासून दरवर्षी दिला जातो आणि आता त्याची रक्कम अडीच लाख युरो आहे.

या पुरस्काराची एक अट मला फार आवडते. नुसती आयडिया ग्रेट असून भागत नाही. नुसता शोधनिबंध छापून आला तरी भागत नाही. ती कल्पना प्रयोगशाळेतून निघून बाजारात उभी राहण्याइतकी पक्की झालेली असावी लागते. शिवाय स्वतःचा फॉर्म स्वतः भरायची सोय नाही, संशोधन संस्था आणि उद्योगांच्या संघटना नावं सुचवतात. आणि पुरस्कार एकट्यादुकट्या जीनियसपेक्षा बहुतेक वेळा टीमला जातो. त्या टीमकडे नीट पाहिलं तर कुणी विद्यापीठात शिकवणारं असतं, कुणी कंपनीतलं असतं, कुणी या दोन्हीच्या मधल्या संस्थेत. थोडक्यात काय, हा पुरस्कार बल्ब पेटण्याच्या क्षणाला नाही. बल्ब पेटल्यापासून तो दुकानात मिळेपर्यंत जी वर्षं जातात, त्या वर्षांना आहे.

एमपी३च्या बाबतीत ती वर्षं वीसेक आहेत. आणि त्यातली बरीचशी, खरं सांगायचं तर, रडकुंडीला आणणारी आहेत.

फोनवरून गाणं? काहीतरीच काय!

गोष्ट सुरू होते एरलांगेन नावाच्या गावात. न्यूरेंबर्गच्या शेजारचं हे विद्यापीठाचं शहर. तिथले प्राध्यापक डीटर झाइत्सर यांच्या डोक्यात १९७०च्या दशकात एक किडा वळवळत होता : टेलिफोनच्या तारेतून उत्तम दर्जाचं संगीत पाठवता येईल का? म्हणजे घरबसल्या फोन फिरवायचा आणि हवं ते गाणं ऐकायचं. आज हे वाचताना तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? पण पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं, हे अशक्य आहे.

अधिकाऱ्याचं गणित तसं चुकलेलं नव्हतं. सीडीवरच्या गाण्याला दर सेकंदाला चौदा लाखांहून जास्त बिट लागतात. नव्याने येऊ घातलेल्या डिजिटल फोनच्या एका चॅनेलमधून जायचे चौसष्ट हजार. दोन चॅनेल जोडले तरी एक लाख अठ्ठावीस हजार. म्हणजे गाणं अकरापट बारीक करायचं आणि वर ऐकणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. चर्चगेटची लोकल रिक्षात बसवण्यासारखंच.

झाइत्सरनी हट्ट सोडला नाही. त्यांनी पीएचडीला विद्यार्थी शोधला : कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग. १९५४ साली एरलांगेनमध्येच जन्मलेला, इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग आणि गणित असं दोन्ही शिकलेला. ब्रँडेनबुर्गने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा विषय घेतला आणि १९८९ साली प्रबंध पूर्ण केला. पीएचडी लांबली म्हणून ज्यांच्या घरी दर दिवाळीला ‘अजून चालूच आहे का गं?’ असं विचारलं जातं, त्यांनी या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून कात्रण फ्रिजवर लावावं.

कानाला फसवायचा फंडा

फंडा काय होता? तर माणसाचा कान वाटतो तेवढा चोखंदळ नाही. लग्नाच्या हॉलमध्ये बँडवाला जोरात असताना शेजारच्या मावशी काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही. मावशी बोलतायत, आवाज हवेत आहे, पण मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मोठा आवाज आपल्या आसपासच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? जिथे कानाला चूक कळणार नाही तिथे बिट वाचवायचे, जिथे कळेल तिथे सढळ हाताने खर्च करायचे. झालं. हिशेब बघा : चार मिनिटांचं गाणं सीडीवर साधारण ४२ एमबी खातं, तेच १२८च्या एमपी३मध्ये चारच्या आत बसतं.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण कुठे काय झाकलं जातं हे सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यांत, प्रत्येक गाण्यासाठी नव्याने मोजायचं होतं. तेव्हाच्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटरला काही सेकंदांच्या संगीतासाठी तासन्‌तास लागायचे. म्हणजे सकाळी एक सुधारणा करायची, ती बरी झाली की वाईट हे संध्याकाळी ऐकायचं. असं काम करून बघा, दोन आठवड्यांत एमबीएचे फॉर्म मागवाल.

आणि मग आली सुझान व्हेगा. तिचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं, साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. स्पीकर तपासण्यासाठी हे गाणं वापरतात असं ब्रँडेनबुर्गने एका ऑडिओच्या मासिकात वाचलं आणि आपल्या यंत्रणेतून काढून पाहिलं. भयंकर! बाकीचं संगीत ठीक निघायचं, पण या एकट्या आवाजाचं पार मातेरं. कारण उघड आहे. ऑर्केस्ट्रात चूक लपवायला तबला असतो, व्हायोलिन असतं. एकट्या गळ्यामागे लपायला जागाच नसते. मग हे एक गाणं शेकडो वेळा ऐकून, प्रत्येक वेळी थोडं थोडं दुरुस्त करत तो राहिला. आपल्याकडे रियाजाचं कौतुक असतं ते गाणाऱ्याच्या. ऐकणाऱ्याचाही रियाज असू शकतो हे मला या किश्शाने पहिल्यांदा पटलं.

पैसे कोण देणार?

आता मुद्द्याचं. एक हुशार पीएचडीवाला आणि एक हट्टी प्राध्यापक एवढ्यावर हे थांबलं असतं तर प्रबंधाची हिरवी-निळी बाइंडिंग कपाटात गेली असती. तसे किती प्रबंध आपापल्या विद्यापीठांच्या कपाटांत आहेत हे मोजायला गेलं तर वेगळी पीएचडी होईल. एरलांगेनमध्ये तसं झालं नाही, याचं कारण विद्यापीठाशेजारी १९८५ साली उघडलेली फ्राउनहोफरची संस्था.

फ्राउनहोफर हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. जर्मनीभर पसरलेल्या या संशोधन संस्था धड सरकारी नाहीत, धड खाजगीही नाहीत. सरकारकडून खर्चाचा साधारण तीस टक्के भाग मिळतो. उरलेले पैसे कंपन्यांची कामं आणि जाहीर स्पर्धेतले प्रकल्प मिळवून उभे करायचे. म्हणजे संशोधकाला दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी ऑफिसात जाऊन ‘याचा तुम्हाला उपयोग काय’ हे समजावून सांगावं लागतं. शुद्ध विज्ञानवाल्यांना हे बाजारू वाटतं. वाटू दे. झाइत्सर विद्यापीठात प्राध्यापक होते आणि या नव्या संस्थेचे प्रमुखही. एक माणूस, दोन खुर्च्या. विद्यार्थी इकडून तिकडे सहज जाऊ शकत होते आणि कल्पनाही.

१९८७ साली मोठी संधी आली. युरोपातल्या देशांनी ‘युरेका’ नावाच्या सहकार्य योजनेत डिजिटल रेडिओचा प्रकल्प काढला. त्यात रेडिओ संस्था, दूरसंचारवाले, इलेक्ट्रॉनिक कंपन्या आणि संशोधन संस्था असे सगळे एकत्र. एरलांगेनचं विद्यापीठ आणि फ्राउनहोफर त्यात शिरले आणि हातात खरा पैसा, खरी माणसं आली. बेर्नहार्ड ग्रिल सॉफ्टवेअरमध्ये वाघ. हार्डवेअर बघायला हाराल्ड पॉप (संगीतवाल्याचं आडनाव पॉप, याहून चांगलं काय हवं!). या लोकांनी खास प्रोसेसरची यंत्रं बांधली आणि गाणं वाजता वाजता बारीक होऊ लागलं. सकाळची सुधारणा संध्याकाळी ऐकायचे दिवस संपले. माझ्या मते एमपी३चा खरा जन्म प्रबंधात नाही, या डब्यांमध्ये झाला. ब्रँडेनबुर्ग नंतर अमेरिकेत एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये गेला. तिथे जेम्स जॉन्स्टन याच विषयावर काम करत होता. भांडायचं सोडून दोघांनी हातमिळवणी केली.

जिंकले ते दुसरेच

१९९२ साली एमपेग या आंतरराष्ट्रीय समितीने आवाज बारीक करण्याचं मानक ठरवलं. एकच नाही, तीन. लेअर १, लेअर २ आणि लेअर ३. समिती म्हटली की तडजोड आलीच, मग ती आपल्या हाउसिंग सोसायटीची असो नाहीतर जगाची. लेअर २च्या मागे फिलिप्ससारखी बडी मंडळी होती. लेअर ३ एरलांगेनवाल्यांचा, आणि त्यातही समितीच्या आग्रहाखातर दुसऱ्या गटाचा एक भाग बसवावा लागला, ज्याने काम उगाच गुंतागुंतीचं झालं.

आणि बाजार कुणाचा झाला? लेअर २चा. डिजिटल रेडिओने तो घेतला. व्हिडिओ सीडीनेही घेतला. आठवतात ना त्या व्हीसीडी, ज्यांची दुसरी डिस्क नेमकी क्लायमॅक्सला अडकायची? त्यातला आवाज लेअर २चा. लेअर ३चा आवाज कमी बिटमध्ये चांगला होता हे मान्य होतं, पण त्याला जास्त गणित लागायचं, म्हणजे चिप महाग. कंपन्यांनी खांदे उडवले.

हा तो टप्पा, ज्याच्यासाठी मला ही गोष्ट सांगावीशी वाटली. आपल्या करिअरमध्ये असा टप्पा येतो तेव्हा काय करायचं हे कुठल्याच वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत. काम चांगलं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कुणालाच नको आहे. एरलांगेनवाल्यांनी मिळेल ते गिऱ्हाईक घेतलं. अमेरिकेतली टेलॉस ही कंपनी रेडिओ स्टेशनांसाठी यंत्रं बनवायची, स्टेडियममधून स्टुडिओपर्यंत चांगला आवाज फोनच्या लाइनवरून न्यायला. तिने लेअर ३ घेतला. छोटं काम, पण पगार निघाला. जर्मनीतल्याच एका चिप कंपनीबरोबर स्वस्त डीकोडर चिपचं काम सुरू झालं. पुढे पोर्टेबल प्लेअरमध्ये याच घराण्यातली चिप बसली. आणि वर्ल्डस्पेस! उपग्रहावरून येणारा तो रेडिओ, छोटी अँटेना खिडकीत आकाशाकडे तोंड करून ठेवायची आणि दिवसभर ‘गांधर्व’ चॅनेलवर शास्त्रीय संगीत ऐकायचं. भारतात तो २००९च्या शेवटी बंद पडला. आमच्या काकांनी तरीही ती अँटेना खिडकीतून काढली नव्हती. त्या रेडिओतून यायचा तो आवाज लेअर ३चाच.

१४ जुलै १९९५ रोजी संस्थेत आपापसात मत घेऊन ठरलं की या फाइलींच्या नावाचं शेपूट ‘.एमपी३’ असेल. त्याआधी ते ‘.बिट’ होतं. विचार करा, आपण ‘बिट प्लेअर’ घेतले असते!

मग चोर आला

पीसीवर गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर संस्थेने त्याच सुमारास काढलं. गाणी बारीक करणारं एन्कोडर सॉफ्टवेअर मात्र विकायचं होतं, कंपन्यांना, चांगल्या दामाला. पुढे काय झालं ते ब्रँडेनबुर्ग स्वतःच मुलाखतींमधून सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने चोरीच्या क्रेडिट कार्डावर ते सॉफ्टवेअर विकत घेतलं, त्याची चिरफाड केली आणि फुकटात सगळ्यांसाठी टाकून दिलं. वर फ्राउनहोफरचे आभारही मानले! व्यापाराचं सुबक नियोजन एका पोराने उधळलं. आणि जे वाटाघाटींनी झालं नव्हतं ते झालं : कॉलेजांच्या हॉस्टेलांतून एमपी३ जगभर गेली. १९९७ साली विनॅम्प आला, १९९८ साली कोरियातून आणि अमेरिकेतून खिशात मावणारे प्लेअर आले, १९९९ साली नॅपस्टर. पुढची कथा तुमच्या हार्ड डिस्कला विचारा.

अशा वातावरणात २००० साली ब्रँडेनबुर्ग, ग्रिल आणि पॉप या तिघांना भविष्य पुरस्कार जाहीर झाला. तेव्हा योहानेस राऊ राष्ट्रपती होते. गंमत बघा, एकीकडे म्युझिक कंपन्या कोर्टात धावतायत, दुसरीकडे त्याच तंत्राला देशाचा मोठा सन्मान. मला यात विसंगती वाटत नाही. पुरस्कार गाणी फुकट वाटल्याबद्दल नव्हता. टेलिफोनच्या तारेत न मावणारी गोष्ट मावेपर्यंत आणि ती लोकांच्या हातात जाईपर्यंत धीर धरल्याबद्दल होता.

मला खटकतं ते वेगळंच. नावं तीन, आणि वीस वर्षांच्या कामात माणसं कितीतरी. अशक्य आहे हे ऐकूनही न हटलेले झाइत्सर त्यात नाहीत. फ्राउनहोफरमध्ये हा गट उभा करणारे हाइन्झ गेरहॉयझर नाहीत. अमेरिकेतला जॉन्स्टन नाही. संयुक्त प्रकल्पाचा पुरस्कार द्यायचा आणि फोटोत तिघांनाच उभं करायचं, हे कुठेतरी ऑफिसमधल्या अप्रेझलसारखंच झालं. त्या तिघांनीही श्रेय टीमचं आहे हे वेळोवेळी सांगितलं आहे, हे खरं.

जर्मनांची स्वतःची हळहळ आणखी वेगळी : शोध आपला, पण प्लेअर विकून श्रीमंत झाले कोरियन आणि अमेरिकन. २००१ साली आयपॉड आल्यावर तर ही हळहळ जास्तच वाढली. मी या रडगाण्यात सामील होणार नाही. पेटंट एरलांगेनवाल्यांकडे होती. २००५ सालात लायसन्सपोटी फ्राउनहोफरला सुमारे दहा कोटी युरो मिळाले. त्या कमाईतून पुढच्या संशोधनासाठी वेगळं फाउंडेशन निघालं. एका पीएचडीच्या विषयाने एवढं केलं तर अजून काय पाहिजे?

पुढच्या वर्षांमधले विजेते चाळले तर हीच रीत दिसते. २०१३ साली येना विद्यापीठाचे प्राध्यापक स्टेफान नोल्टे, बॉशचा एक माणूस आणि लेसर बनवणाऱ्या ट्रुम्फचा एक माणूस, तिघं एका मंचावर. सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी छोटे लेसरचे झटके देऊन धातूला न तापवता अचूक भोकं पाडायची, हे त्यांचं काम. इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलना अशीच भोकं लागतात. २०२१ साली बायोएनटेकवाले. कोविडच्या लशीमुळे ती नावं घरोघरी गेली, पण मुळं माइन्झच्या विद्यापीठातल्या अनेक वर्षांच्या कामात होती.

आपल्याकडे?

हा प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला. ती पुण्यात कंपनीत आहे, पीएचडी अर्धी सोडून आली, त्यामुळे प्रश्नाला थोडी धार होती. आपल्याकडेही ११ मे रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, देशी तंत्रज्ञान बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना तंत्रज्ञान विकास मंडळाचे पुरस्कार दिले जातात. त्या दिवशी टीव्हीवर चर्चा बहुधा पोखरणची होते.

पण तिला मी पवईचं उदाहरण दिलं. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती. परदेशात तिचा खर्च कोटींमध्ये. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून ती इथे घडवली, आयआयटीतच इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन तिचं लोकार्पण केलं. खर्च परदेशाच्या मानाने कितीतरी कमी, तरीही लाखांमध्ये आहेच. प्रयोगशाळा, हॉस्पिटल आणि कंपनी, तीन खुर्च्या जवळजवळ. पवई ते परळ अंतर ट्रॅफिकमध्ये कितीही वाटो.

मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे मी चुकीच्या वर्षी सोडली.’ मी म्हटलं, तुझा गाइड काय झाइत्सर नव्हता. त्यावर आम्ही दोघीही हसलो, पण ती जरा उशिराने.

एमपी३चं पुढे काय झालं? २०१७च्या एप्रिलमध्ये पेटंटची मुदत संपली आणि लायसन्स द्यायचं काम बंद झालं. लगेच जगभर बातम्या : ‘एमपी३ मेली’. उलट आता ती सगळ्यांची झाली होती. ब्रँडेनबुर्ग इल्मेनाउच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाला. ग्रिल एरलांगेनमध्येच राहिला आणि पुढे त्याच संस्थेचा संचालक झाला. आणि त्या संस्थेने दरम्यान आणखी एक गोष्ट केली. बऱ्याच कंपन्यांबरोबर मिळून मोबाइल कॉलसाठी आवाजाचं एक नवं मानक तयार केलं, ईव्हीएस त्याचं नाव, २०१४ साली ते मंजूर झालं. फोर-जीवर बोलताना समोरच्याचा आवाज कधीकधी एकदम शेजारी बसल्यासारखा स्वच्छ येतो ना, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. ते बोलण्यासाठी आहेच, पण समोर गाणं लावलं असेल तर तेही नीट ऐकू यावं, अशी त्याची रचना आहे. फोनवरून गाणं!